डिझाइनचा ऑनलाइन वर्ग: संत्र्याच्या पेटीपासून छपाईपर्यंत

डिझाइनच्या स्टुडिओत शिक्षक फार बोलत नाही. तो टेबलांमधून फिरतो. कोण खोडतंय, कोणाचा कागद अजून कोरा आहे, कोणी पहिल्याच कल्पनेवर रंग चढवायला घेतलाय, हे त्याला न विचारता दिसतं. ऑनलाइन वर्गात हे फिरणंच बंद पडतं आणि ती जागा बहुतेक जण भाषणाने भरतात. तासभर स्लाइड चालतात, शेवटी ‘काही शंका?’ विचारलं जातं, पलीकडून कोणी बोलत नाही. आठवड्याने सगळ्यांची तयार पोस्टरं येतात, तेव्हा सुधारण्यासारखं काही उरलेलं नसतं. उरतात फक्त गुण द्यायचे.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे. विद्यार्थ्याचं अर्धवट, कच्चं काम तुम्हाला आणि वर्गातल्या बाकीच्यांना सतत दिसत राहिलं पाहिजे. साधनं, वेळापत्रक, गुण, सगळं त्या हिशेबाने लावायचं. नागपुरात बसून काटोल, उमरेड, रामटेकच्या मुलांना शिकवणाऱ्याला हे जितकं लागू आहे, तितकंच मिळून सराव करणाऱ्या चार मित्रांनाही. उदाहरण म्हणून चार आठवड्यांचा एकच प्रकल्प घेऊ: संत्र्याच्या पेटीवरचं लेबल.

गट आणि वेळ

आधी साधा गुणाकार करा. एका विद्यार्थ्याच्या कामावर नीट बोलायचं तर सात मिनिटं लागतात. बारा जण असतील तर चौऱ्याऐंशी मिनिटं, आणि पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर कोणीही ऐकत नसतं. सहा-सहाचे दोन गट केले तर बेचाळीस मिनिटांत काम होतं. झूमचा फुकटचा कॉल सध्या ४० मिनिटांत तुटतो, गूगल मीटचा गटाचा कॉल ६० मिनिटांपर्यंत चालतो. त्यामुळे पैसे न भरता मीटमध्ये हे आरामात बसतं. बारापेक्षा जास्त मुलं घ्यायची असतील तर दुसरा शिक्षक शोधा. डिझाइनमध्ये साठ जणांचा ऑनलाइन वर्ग म्हणजे व्याख्यानमाला.

आठवड्यातून दोनदा भेटा. एक बैठक हाताने काम करायची, दुसरी त्या कामावर बोलायची. दोन्हींच्या मध्ये दोन दिवस तरी जाऊ द्या. वेळ शक्यतो संध्याकाळची ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी तीनला कॉल ठेवला तर सहा घरांतल्या सहा कूलरांची घरघर ऐकू येते, माणसांचं काही नाही. वर तापलेला फोन मध्येच मान टाकतो तो वेगळाच.

साधनं कमीत कमी

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरची यादी देऊ नका. त्याआधी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. लॅपटॉप आहे का? की फक्त फोन? आणि तो फोन घरात आणखी कोण वापरतं? दिवसाला दीड जीबीचा डेटा दोन भावंडांत वाटून घेणाऱ्या मुलीला तासभर कॅमेरा चालू ठेव म्हणणं बरोबर नाही. व्हिडिओ कॉल तासाला अर्धा-एक जीबी सहज खातो.

चार जागा पुरतात: बोलायला कॉल, काम लावायला एक सामायिक बोर्ड, फाइली ठेवायला एक फोल्डर आणि निरोपासाठी व्हॉट्सअॅप. बोर्ड म्हणून फिगजॅम, म्हणजे फिग्मा या डिझाइन-साधनातला ऑनलाइन फळा, चालेल. फिग्मा विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पडताळणीनंतर फुकट मिळतं. मुक्तस्रोत हवं असेल तर पेनपॉट ब्राउझरमध्येच उघडतं. लॅपटॉपवर रेखाकृतीसाठी इंकस्केप आणि चित्रासाठी क्रिटा ही दोन्ही साधनं पूर्ण फुकट आहेत. चोरून उतरवलेल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा ही शिकवलेली बरी. मूल नोकरीला लागल्यावर बाकीचं आठवड्याभरात शिकतं.

माझं मत विचाराल तर पहिले दोन आठवडे सॉफ्टवेअर उघडूच नये. कागद, काळा पेन, फोनचा कॅमेरा. त्यामुळे लॅपटॉपवाला आणि फोनवाला एका रेषेत येतात. शिवाय तयार साचे उचलून चिकटवायची सवय लागायच्या आधी हात थोडा मोकळा होतो.

कागदाचा फोटो नीट काढणं मात्र शिकवावं लागतं आणि त्यावर वीस मिनिटं घालवली तरी हरकत नाही. कागद खिडकीशेजारी ठेवायचा, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली नाही, कारण मग आपल्याच डोक्याची सावली कागदावर पडते. फोन कागदाला समांतर धरायचा. पेन्सिल फिकी येते, म्हणून ठरलेल्या रेषा पेनने गडद करायच्या. गूगल ड्राइव्हच्या फोनवरच्या अॅपमधलं स्कॅन वापरलं की कडा आपोआप सरळ होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं, कारण फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक करतं आणि सगळ्या बारीक रेषा पुसट होतात. फाइलीचं नाव पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीचं: नाव, टप्पा, क्रमांक. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा फाइली एकदा सुरू झाल्या की आवरत नाहीत.

शिक्षकाला स्वतःचे हात दाखवायचे असतील तर स्टँड विकत घ्यायची गरज नाही. पुस्तकांच्या दोन चळती करा, त्यांवर लाकडी पट्ट्या आडव्या टाका आणि त्यांवर फोन असा ठेवा की कॅमेरा खाली कागदाकडे बघेल. तो फोन त्याच कॉलमध्ये दुसरा सदस्य म्हणून जोडा आणि त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर आवाज घुमतो.

ब्रीफ: एक पान, एक गिऱ्हाईक

ब्रीफ म्हणजे गिऱ्हाईकाला काय हवंय ते सांगणारं टिपण. ‘संत्र्यावर क्रिएटिव्ह पोस्टर बनवा’ हे ब्रीफ नव्हे. त्यातून अर्धी कापलेली फोड आणि दोन हिरवी पानंच येणार. ब्रीफमध्ये कोणासाठी, कुठे, कशावर, किती अंतरावरून आणि कोणत्या अडचणीत, एवढं हवं. आपल्या प्रकल्पाचं ब्रीफ असं:

‘काटोल भागातला एक संत्रा बागायतदार नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात माल पाठवतो. त्याला पेटीच्या बाजूवर चिकटवायला २० × १२ सेंमीचं लेबल हवं. पेट्या एकावर एक रचलेल्या असताना दहा फुटांवरून बागेचं नाव वाचता आलं पाहिजे. प्रतवारी आणि वजन पेटी भरताना हाताने लिहिलं जाईल, त्यासाठी जागा हवी. छपाई जास्तीत जास्त दोन रंगांत. अंबिया आणि मृग, दोन्ही बहारांना तेच लेबल चाललं पाहिजे.’

शेवटच्या वाक्याने बरंच काम होतं. बहार म्हणजे झाडाला फुलं येऊन फळ धरायचा हंगाम. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. थंड रात्री मिळाल्याशिवाय सालीला पुरता रंग चढत नाही, त्यामुळे सुरुवातीचा अंबिया बराच हिरवट-पिवळा असतो. पेटीवर भडक नारिंगी आणि आत हिरवट फळ, असं झालं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःला पडला पाहिजे. तुम्ही सांगून टाकू नका.

पहिला आठवडा: बघायला पाठवा

इंटरनेटवर नमुने शोधायला या आठवड्यात बंदी. प्रत्येकाने घराबाहेर पडून वीस टिपणं आणायची, निम्मी चित्रं आणि निम्मे शब्द.

इथे ऑनलाइन वर्ग स्टुडिओला मागे टाकतो. एका खोलीतले बारा जण एकाच बाजारात जातात. तुमच्या वर्गातली एक मुलगी काटोलला मामाच्या बागेत तोडणी बघते, दुसरा कळमन्यात पेट्या उतरताना पाहतो, तिसरी सीताबर्डीच्या हातगाडीवर तोच माल सुटा विकला जाताना बघते. तिघांची टिपणं एकाच बोर्डावर शेजारी-शेजारी लागली की फळाचा अख्खा प्रवास समोर येतो आणि लेबल नेमकं कोणाला वाचायचंय यावर वाद सुरू होतो. अडत्याला? किरकोळ विक्रेत्याला? घरी नेणाऱ्याला? हा वाद होऊ द्या. ब्रीफमधलं उत्तर अपुरं आहे हे त्यातून कळतं, आणि कळलं की बागायतदाराला फोन करून विचारायचं.

बघायला जाताना प्रश्न सोबत द्या. पेट्या रचल्यावर कोणती बाजू दिसते? हाताने काय लिहिलेलं असतं, कशाने? ओलावा, धूळ, फाटणं कुठे? कोणी पेटी उचलताना हात कुठे घालतो? हात जिथे जातो तिथे नाव छापून उपयोग नाही. माणसांचे फोटो विचारूनच काढायचे आणि चेहरे शक्यतो टाळायचे. हमालांच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे वेगळं सांगायला लागतं.

दुसरा आठवडा: आठ घरं

हाताच्या कामाची बैठक अशी चालवा. ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ घरं पडतात. प्रत्येक घरात एक मिनिट, एक कल्पना. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर वळवा. चेहरा दाखवायला लाजणारी मुलं हात बिनधास्त दाखवतात आणि तुम्हाला टेबलांमधून फिरल्यासारखं सगळ्यांचं काम एका पडद्यावर दिसतं. डेटा कमी असलेल्याने कॅमेरा बंद ठेवून दर चार मिनिटांनी फोटो टाकायचा.

पहिल्या तीन घरांत सगळ्यांचं सारखंच येईल. तिथे काही बोलू नका. पाचव्या-सहाव्या घरात कल्पना आटतात आणि तिथून खरं काम सुरू होतं. आठ मिनिटं संपली की लगेच, रंगरंगोटी न करता, सगळे कागद बोर्डावर. मग प्रत्येकाने स्वतःचं एक आणि दुसऱ्याचं एक घर निवडायचं आणि का निवडलं ते एका वाक्यात लिहायचं. दुसऱ्याचं निवडायला लावणं महत्त्वाचं, कारण त्यासाठी इतरांचं काम बघावं लागतं. एरवी ऑनलाइन वर्गात जो तो आपलंच काम बघून कॉलमधून निघून जातो.

देवनागरी अक्षरं: इथे घाई करू नका

तिसऱ्या आठवड्यात संगणक उघडा आणि पहिली पूर्ण बैठक फक्त अक्षरांना द्या. बहुतेक ऑनलाइन धडे रोमन लिपी गृहीत धरतात. त्यातले नियम देवनागरीला तसेच लावले की लेबल बिघडतं.

रोमनमध्ये मोठ्या अक्षरांतलं अंतर वाढवलं की शब्द ऐटबाज दिसतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर वाढवायचंच असेल तर रेषा हाताने जोडायची तयारी ठेवा. दोन ओळींमध्ये जागाही जास्त लागते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना धडकतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळ ही सुरुवात म्हणून ठीक आहे.

फाँट निवडायच्या आधी त्यात ही ओळ टाइप करून बघायला सांगा: ‘काटोलच्या शेतकऱ्यांच्या उत्कृष्ट मृग बहाराची ताजी संत्री’. ‘ऱ्यां’ नीट जुळतंय का, ‘त्कृ’ आणि ‘ष्ट’ तुटतायत का, ‘मृ’चं वळण अडकतंय का, हे एका नजरेत समजतं. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी असतात. काही फाँटांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ती येतात. टिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींचे ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo) हे फाँट फुकट मिळतात आणि लेबलाला चालतात. त्यांचाच मोदक इतका जाड आहे की अक्षरांच्या पोकळ्या जवळपास बुजतात. दोन शब्दांच्या नावाला तो झकास, पण पत्ता त्यात लिहू नये. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं विस्कटली तर फाँटला दोष देण्याआधी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलाय का ते बघा.

विंडोजमधला मंगल हा फाँट करणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांना हे सांगावं, म्हणजे तिरक्या कापलेल्या बोरूने पानभर ‘क’ गिरवायला लावल्यावर ते कुरकुरणार नाहीत. म्हणजे कमी कुरकुरतील.

आकाराचा ढोबळ हिशेब सोपा आहे: दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर. म्हणजे २० × १२ सेंमीच्या लेबलावर बागेच्या नावाचं अक्षर अडीच सेंमीच्या आसपास, शिरोरेषेपासून बुडापर्यंत मोजून. एवढी जागा नावाने घेतली की बाकी किती उरते ते आपोआप दिसतं. मग फोड आणि पानं आपसूक गळतात.

क्रिट

क्रिट म्हणजे एकमेकांच्या कामावर बोलायची बैठक. तिच्यावर वर्ग तरतो किंवा बुडतो. सहा जण, प्रत्येकी सात मिनिटं, आणि नियम आधी लिहून बोर्डावर लावलेले.

पहिली दोन मिनिटं कोणी बोलत नाही. सगळे बोर्डावर चिठ्ठ्या लिहितात. याचं कारण साधं आहे. कॉलवर जो आधी बोलतो त्याच्याच मागे बाकीचे जातात आणि शांत मुलं कायमची शांत राहतात. लिहिताना सगळे एकाच वेळी बोलतात. ‘मस्त’, ‘भारी’, ‘एक नंबर’ या शब्दांना तासापुरती सुट्टी. चिठ्ठीत आधी काय दिसलं ते यायला हवं: ‘मला आधी पान दिसलं, नाव नंतर वाचलं.’ ‘वजनाची चौकट मला बारकोडची वाटली.’ अशा वाक्यावर भांडण होत नाही, कारण ते मत नाही. बघणाऱ्याला जे दिसलं तेच त्याने लिहिलेलं असतं.

मग तीन मिनिटं बोलणं, पण ज्याचं काम आहे त्याने गप्प राहायचं. हे सगळ्यांना जड जातं. ‘नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं की…’ सुरू झालं की थांबवा, कारण पेटीसोबत समजावून सांगायला तो बाजारात जाणार नाही. शेवटची दोन मिनिटं त्याची. ऐकलेल्यातलं काय घेणार आणि काय नाही, एवढंच सांगायचं. शिक्षकाने सगळ्यांच्या नंतर बोलावं. तुम्ही आधी बोललात की मुलांच्या चिठ्ठ्यांत तुमचीच वाक्यं परत येतात.

‘मॅडम, रंग बदलू का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू नका. ‘कशासाठी बदलायचाय तुला?’ एवढंच विचारा. उत्तर नसेल तर रंग बदलून काही होणार नाही, हे तिलाच कळतं.

दुसऱ्याच्या कामावर रेघोट्या मारायच्या असतील तर आधी प्रत काढा. मूळ फाइलीला हात लावणं म्हणजे स्टुडिओत पोराच्या हातातून कुंचला हिसकावून घेणं. आणि लेखी शेरा वाचताना नेहमी असतो त्यापेक्षा कडक वाटतो. ‘हे जमलं नाही’ हे समोरासमोर हसून म्हणता येतं, चॅटमध्ये ते थोबाडीत बसतं. नाजूक गोष्ट असेल तर दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा.

चौथा आठवडा: पडदा खोटं बोलतो

पडद्यावरचा झगझगीत नारिंगी प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. चार रंगांच्या छपाईत तो पिवळ्या आणि गुलाबीसर मॅजेंटाच्या मिश्रणातून येतो आणि पडद्यापेक्षा मळकट दिसतो. नागपुरात संत्र्याचं लेबल करायचं तर हा धडा टळत नाही. दोनच रंगांची छपाई असेल तर छापखान्यात तयार नारिंगी शाईबद्दल विचारा. मिश्रणापेक्षा ती बरीच उजळ येते.

दुसरी चूक जवळपास प्रत्येक जण करतो: नारिंगीवर पांढरी अक्षरं. आरजीबीत (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्याच्या मापात) २५५, १४०, ० असा नारिंगी घेतला तर पांढऱ्याशी त्याची उठावाची तफावत (कॉन्ट्रास्ट) सुमारे २.३ : १ येते आणि काळ्याशी ९ : १. साध्या मजकुरासाठी वेबवरच्या सुलभतेचा निकष ४.५ : १ आहे. तफावत मोजणारी फुकट साधनं ब्राउझरमध्ये मिळतात. मुलांना स्वतः आकडे काढू द्या, म्हणजे ‘सर, पण पांढरं छान दिसतं’ हा वाद संपतो.

मग प्रत्येकाने जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून लेबल खऱ्या आकारात छापून आणायचं, खोक्यावर चिकटवायचं, दहा फूट मागे जाऊन फोटो काढायचा आणि घरातल्या एखाद्या माणसाला काय लिहिलंय ते विचारायचं. मार्करने वजनही लिहून बघायचं. गुळगुळीत कागदावर साधी शाई पसरते, हे पडद्यावर कधीच कळणार नाही.

छपाईची फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, लेबलाच्या मापाची साधारण २३६२ × १४१७ पिक्सेल. कापताना कड पांढरी राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची, म्हणजे एकूण २०६ × १२६ मिमी. पीडीएफ देताना अक्षरांच्या रेखाकृती (आउटलाइन) करून द्या, कारण छापखान्याच्या संगणकात तुमचा फाँट असेलच असं नाही. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र स्वतःकडे ठेवा. काही जागी अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत काम चालतं. तिथे मजकूर पुन्हा टाइप झाला असेल तर शुद्धलेखन अक्षर अन् अक्षर तपासा.

गुण आणि एआय

शंभरातले साठ गुण कच्च्या कामाला ठेवा: टिपणं, आठ घरं, क्रिटमधल्या चिठ्ठ्या, क्रमांक घातलेल्या फाइली. असं केलं की कॉपी करणाऱ्याला कॉपी परवडत नाही, कारण त्याला अख्खा प्रवास खोटा रचावा लागतो. एआयवर सरसकट बंदी घालून उपयोग नाही, मुलं वापरणारच. अट एवढीच घाला की कागदावरची रेखाटनं आधी बोर्डावर लागली पाहिजेत आणि एआयने काय दिलं, त्यातलं काय टाकलं, हे शेजारी लावायचं. अशा चित्रांतली देवनागरी अक्षरं अनेकदा अर्धवट, नसलेलीच जोडाक्षरं घेऊन येतात. तशी दोन-चार उदाहरणं वर्गात दुरुस्त करायला दिली तर अक्षरांचा उत्तम सराव होतो.

वर्ग संपल्यावर

एकट्याने सराव टिकत नाही, जोडी लागते. दोघांनी आठवड्यातला एक ठरलेला तास कॉलवर घालवायचा. बोलायचं नाही, कॅमेरे हातांवर, शेवटची दहा मिनिटं फक्त एकमेकांचं काम बघायला. विषय नागपुरात भरपूर आहेत. मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकावर ऑरेंज आणि अॅक्वा मार्गिका भेटतात. एकीतून दुसरीकडे जाताना लागलेली प्रत्येक खूण टिपा आणि कुठे थबकलात तिथली पाटी नव्याने काढा. अजब बंगल्यातल्या, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयातल्या, कुठल्याही एका वस्तूची तीन ओळींची ओळखपट्टी करा, आठवीच्या मुलाला समजेल अशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा बडग्यांवरच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवरच्या, पाट्या बघा. गर्दीत, हलत्या पाटीवर, दोन सेकंदांत वाचून हसू यायला किती कमी शब्द लागतात ते मोजा आणि तेवढ्याच शब्दांत उन्हाळ्यातल्या पाणपोईचा फलक लिहून तुमच्या जोडीदाराला पाठवा. डॉक्युमेंट म्हणून.